दुसरी सही

प्रिय दादा,
(रागावलेला असलास तरी प्रियच.)

पाकीट हाताला जड लागलं असेल. आधी पत्र वाच, मग आतली वस्तू उघड. तू उलटंच करशील, हे मला ठाऊक आहे. गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचून मला सांगून टाकणारा माणूस तू. पण या वेळी धाकटीचं ऐक. मोठ्या भावाने धाकटीचं ऐकावं असा काही नियम नाही, पण आई असती तर तिने तो नक्की केला असता.

इथलं बातम्यांतून तुला कळत असेलच. बाबा देशप्रमुखपदासाठी पुन्हा उभे राहणार की नाही, यावर सगळा देश पैजा लावून बसला आहे, आणि या महिनाअखेरीस त्यांना ते जाहीर करायचं आहे. पक्षातली मंडळी धरूनच चालली आहेत. पोस्टरं छापून तयार आहेत म्हणे. विरोधक म्हणतात, म्हातारा थकला. टीव्हीवर बाबा जिना चढतानाचे तुकडे हळू करून दाखवतात आणि चार शहाणे त्यावर तासभर बोलतात. माणसाला चालताना बघणं हाच माझा धंदा, त्यामुळे एवढं सांगू शकते की त्यांच्या चालण्यात नवीन काही नाही. डावा गुडघा विमानं दुरुस्त करताना हँगरच्या फरशीवर टेकून टेकून गेला, तो तेव्हाच गेला. सकाळी माझ्याकडून व्यायाम करून घेतात आणि रोज म्हणतात, "खिट्टी, हा सुटा भाग आता मिळत नाही, आहे तोच वापरावा लागणार." मी दिवसभर दवाखान्यात इतरांचे गुडघे वाकवते आणि संध्याकाळी परत या बंगल्यात येते. आई गेल्यापासून हे असंच चाललं आहे. शहाण्यांना जे बघायचं आहे ते जिन्यावर दिसणार नाही. मी इतक्या जवळ राहते, तरी मला नक्की काय दिसतं आहे ते सांगता येत नाही. जे घडलं तेवढं लिहिते.

तुझ्या लक्षात असेल, या बंगल्यात आल्यावर बाबांनी एकच बदल करून घेतला होता. कचेरीच्या मागची छोटी खोली रिकामी करून तिथे भिंतीवर आपला जुना फळा लावला. आपल्या स्वयंपाकघरातलाच तो. हँगरमध्ये प्रत्येक हत्याराची भिंतीवर जागा असते आणि त्या जागी त्याची काळी आकृती रंगवलेली असते. पाळी संपताना एक जरी आकृती रिकामी दिसली तरी विमान सोडायचं नाही, कारण ते हत्यार विमानाच्या पोटात राहिलेलं असू शकतं. हे वेड बाबांनी घरी आणलं आणि आईच्या स्वयंपाकघरात एका बाजूला पाने आणि पकडी, दुसऱ्या बाजूला चिमटा, झारा, किसणी, गाळणं, अशा सगळ्यांच्या सावल्या रंगवल्या. आई म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघरातून विमान उडत नाही हो." बाबा म्हणायचे, "आणि झारा भातात राहिला तर?" मग आईने मुद्दाम आकृतीत न बसणारा, वेगळ्याच दांड्याचा झारा आणला. रविवारी बाबा मुकाट्याने ब्रश घेऊन स्टुलावर चढले आणि आई खालून "जरा डावीकडे" म्हणत हसत राहिली. तू आणि मी भांडलो की तू चिमटा लपवायचास, म्हणजे जेवण थांबायचं. माझं खिट्टी हे नावही त्याच दिवसांतलं. नटाच्या तोंडाशी आडवी घालतात ती बारीकशी पिन. नजरेला पडत नाही, पण ती नसली की नट आपोआप सुटत जातो. तुझ्या आणि बाबांच्या मध्ये बसायची जागा माझी होती, म्हणून ते नाव.

तर त्या फळ्यावरची एक आकृती गेल्या महिन्यात रिकामी दिसली. नटावर तार पिळायची ती लॉकवायरची पक्कड नव्हती. तुला तिची ओळख करून द्यायला नको. बाबा रोज जेवणाआधी त्या खोलीत बसतात, एखादं जुनं यंत्र उघडतात, पुसतात, परत लावतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, हातात असेल. दुसऱ्या दिवशीही नव्हती. बाबा त्या रिकाम्या जागेसमोर बसून पंप साफ करत होते आणि त्यांची मान एकदाही वर झाली नाही. घरात एक किसणी जागेवर नसली तर ताटावरून उठणारा माणूस तो. असं बरेच दिवस चाललं. शेवटी मी विचारलं, "बाबा, पक्कड कुठे आहे?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आलीस एकदाची. मीच काढून ठेवली होती. बघत होतो, कुणी विचारतं का." मग म्हणाले, "झाडणारा येतो, शिपाई येतो, सचिव दिवसातून दहादा येतो. जागा रिकामी दिसते सगळ्यांना. बोलत कुणी नाही." पक्कड कुठे ठेवली होती, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी पंपाचं झाकण लावायला घेतलं. त्यांनी खरंच परीक्षा घेतली, की पक्कड हरवली आणि विचारल्यावर उत्तर सुचलं, हे मला माहीत नाही. दोन्ही त्यांच्यासारखंच आहे.

नावं विसरतात. पण नावं ते आधीपासून विसरत होते. तुझ्या मित्रांना त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही, "तो उंच", "तो सायकलवाला" यातच सगळे बसले. आता मंत्र्यांनाही असंच म्हणतात. मात्र अर्थमंत्र्यांना भर बैठकीत "तो सायकलवाला" म्हणाले, ते आठवणीतून की विसरण्यातून, यावर कचेरीत दोन तट आहेत. डॉक्टरांनी एकदा स्मरणशक्ती तपासताना कागद देऊन घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. बाबांनी इंजिनाच्या दाबाची तबकडी काढली, तांबड्या खुणेसकट, आणि खाली लिहिलं, "काटा इथे गेल्यास इंजिन बंद करावे." डॉक्टर गोंधळले. बाबा म्हणाले, "घड्याळ काय, कुणीही काढील." डॉक्टरांनी काहीतरी टिपून घेतलं. मला हसू आलं होतं, आणि गाडीत बसल्यावर ते थांबलं.

त्यांच्या कारभाराबद्दल तू काय वाचतोस कोण जाणे. मी बाजू घेत नाही. पाणी गावोगाव गेलं हे खरं आहे. ज्या हँगरच्या संपाने ते वर आले, त्याच हँगरचा संप त्यांनी पुढे मोडून काढला, हेही खरं आहे. आल्या आल्या त्यांनी नियम केला होता, की कुठल्याही मोठ्या हुकमावर खात्याबाहेरच्या एका माणसाची दुसरी सही पाहिजे. हँगरमधला सरळ नियम तो: ज्याने काम केलं त्याने स्वतः तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासून सही करायची, तेव्हा विमान सुटणार. लोक हसले, "दुसऱ्या सहीचं सरकार" म्हणाले, फायली रखडल्या, पण दोनचार मोठी लबाडीची कामं त्याच सहीवर अडकली. हळूहळू दुसरी सही करणारे न वाचता सही करायला लागले. आणि बाबांच्या स्वतःच्या हुकमांवर तर पहिल्या दिवसापासून तेच. त्यांच्या सहीखाली सही करायला रांग लागते. बॅटरी घेऊन आत डोकावणारा कुणी नाही.

आता तो दिवस. तू तिथे उभा होतास आणि मी तो घरी बसून ऐकला. तेव्हा माझ्याकडे तो कसा जपलेला आहे, हे एकदा तू बघून घे. शेपटीच्या कंट्रोलची तार बाबांनी बदलली होती. तिच्या जोडावरचा नट आवळून त्यावर बारीक लॉकवायर पिळायची असते, आणि पीळ अशा अंगाने घालायचा की नट हलायला गेला तर वायर त्याला आवळेल. उलट्या अंगाने घातला तरी दिसायला तसाच दिसतो, पण मग वायर नटाला सुटायला मदत करते. असे पीळ बाबा गप्पा मारता मारता घालत. त्या सकाळी एक उलटा पडला. का, ते त्यांनाही कधी सांगता आलं नाही. त्यांनी सही केली आणि दुसऱ्या सहीसाठी तुला बोलावलं. तुझं तपासणीचं लायसन नवंकोरं होतं. विमानातून तेव्हाचे देशप्रमुख जायचे होते आणि मॅनेजर दारात येरझाऱ्या घालत होता. तू बॅटरी मारून बघितलंस, खिशातून पेन काढलंस आणि परत खिशात ठेवलंस. बाबा म्हणाले, "काय रे, शाई संपली?" सगळे हसले. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही एकदा बघा." हँगरमध्ये तू त्यांना साहेब म्हणायचास. त्या दिवशी बाबा म्हणालास, हे त्यांनी मला नंतर कितीतरी वेळा सांगितलं आहे. ते चिडले, "तुला पाना धरायला मी शिकवलं." तू म्हणालास, "म्हणूनच." मग ते गुडघ्यावर बसले, बराच वेळ बघत राहिले, आणि हात मागे करून त्यांनी पक्कड मागितली. वायर कापली, नवी पिळली. मग तू सही केलीस.

विमान उशिरा गेलं आणि मॅनेजर ओरडत आला, की कुणी थांबवलं. तू तोंड उघडलंस. बाबा तुझ्या पुढे आले आणि म्हणाले, "मी. माझी सही नव्हती." त्यांची नोकरी जुनी होती; फार तर घरी बसवतील, असा त्यांचा हिशेब. तुला मात्र उचलून बाहेर टाकलं असतं. त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ती पक्कड तुझ्या ताटाशेजारी ठेवली. "आता ही तुझी," म्हणाले. आईला म्हणाले, "आज याने मला वाचवलं. आणि त्या विमानातल्या सगळ्यांना." आई म्हणाली, "मग जेवा की आता, गार होतंय." आपल्या घरात त्या दिवसाबद्दल खरं असं तेवढंच बोललं गेलं.

पुढचं सगळ्या देशाला पाठ आहे. बाबांना कामावरून काढलं, कामगारांनी संप करून हँगर बंद पाडलं, फाटकासमोर सभा झाल्या, "सही न करणारा माणूस" ही घोषणा भिंतीवर आली आणि बाबांना देशप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत घेऊन गेली. सुरुवातीला घरी आले की तुझ्याकडे बघून खांदे उडवायचे, "अरे, लोकांना एका वेळी एकच माणूस लक्षात राहतो." तू हसायचास. तुझ्यासाठी बोललेलं खोटं ते; त्यावर तू काय रागावणार? मग एका दुपारी पाहुणे जेवायला होते. बाबा ती गोष्ट सांगत होते आणि "मी पेन परत खिशात ठेवलं" म्हणताना त्यांनी डाव्या हाताने पेन डावीकडच्या खिशात ठेवून दाखवलं. डावखुरा तू. बाबांचा डावा हात साधा चमचासुद्धा धरत नाही. त्यांनी तुझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम टाळलं असंही नव्हतं. गोष्ट आता त्यांची स्वतःचीच झाली होती, त्यांना बघायचं काही राहिलंच नव्हतं. तू उठलास, ताट उचललंस, खोलीतून पक्कड आणून फळ्यावर तिच्या आकृतीत लावलीस. आठवडाभरात तू परदेशातल्या दुसऱ्या हँगरमध्ये होतास. आई म्हणाली, "पोराला काय झालं?" बाबा म्हणाले, "त्याला मोठं व्हायचंय." आई गेली तेव्हा आलास आणि त्याच दिवशी परत गेलास. दारात बाबांनी तुला विचारलं, "विमान कुठलं आहे?" तू सांगितलंस. ते म्हणाले, "चांगलं आहे, त्याची शेपटी भक्कम असते." इतक्या वर्षांत तुम्ही एकमेकांशी बोललेलं एवढंच.

आणि आता जे घडलं ते. विमानांच्या कामाचं शिक्षण देणाऱ्या नव्या शाळेचं उद्घाटन होतं. समोर निळ्या डगल्यांतली मुलंमुली, मागे आम्ही, बाजूला कॅमेरे. बाबांनी लिहिलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि ती गोष्ट सुरू केली. ती सगळ्यांना पाठच असते. आमचे सचिव तर ओठ हलवतात. "मी पेन परत खिशात ठेवलं" म्हणताना डावा हात वर आला आणि तिथेच थांबला. बाबा त्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "हा हात माझा नाही." पोरं हसली, त्यांना वाटलं विनोद आहे. मग बाबा शांतपणे म्हणाले, "सही मी केली होती. पीळ उलटा मीच घातला होता. पेन खिशात ठेवलं ते माझ्या मुलाने. तो डावखुरा आहे." आणि पाणी पिऊन खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कुणालाच कळेना.

दुपारपर्यंत सचिवांचा खुलासा निघाला, की साहेब रूपकात बोलले, नव्या पिढीला त्यांनी मुलगा म्हटलं. तुझ्यापर्यंत बहुतेक तो खुलासाच पोचला असेल. आतल्या गोटात मात्र सगळ्यांनी मान हलवली. डॉक्टरांनी आपल्या कागदांत ते वाईट बाजूला टाकलं: स्वतःचा हात परका वाटणं, स्वतःच्या आयुष्यातली सर्वांत मोठी घटना दुसऱ्याच्या नावावर टाकणं. मी म्हणाले, "पण डॉक्टर, ते खरं आहे." त्यांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. "ताई, तुम्ही तिथे होता का?" मी नव्हते. "मग तुम्हाला कुणी सांगितलं?" बाबांनी. त्यांनी पेन मिटलं. सचिव मला बाहेर घेऊन गेले आणि हळूच म्हणाले, "ताई, खरं असेलही. पण ते खरं धरलं तर पुढच्या सगळ्याचं काय करायचं? त्यापेक्षा थकवा बरा." ते वाईट माणूस नाहीत. बाबांच्या औषधांच्या वेळा त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तर आता स्थिती अशी, की सगळ्यांसमोर ते एकदाच खरं बोलले, आणि त्यांचं डोकं चळल्याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणून तेच धरलं गेलं. मला स्वतःलाही ते कुठल्या बाजूला टाकायचं हे ठरवता आलेलं नाही. माणूस खरं बोलतो तेव्हा दर वेळी तो शहाणपणानेच बोलतो असं नाही. कधीकधी खोटं धरून ठेवायची ताकद गेलेली असते. आणि कधीकधी त्याला ते फक्त खाली ठेवायचं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

त्यानंतर बाबा तो विषय बोलले नाहीत. कामं करतात. परवा धरणाच्या आराखड्यात त्यांनी एक चूक काढली, जी तिथल्या इंजिनियरांच्या नजरेतून सुटली होती. त्याच संध्याकाळी मला विचारलं, "आई अजून आली नाही?" मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "भिंतीवरची तसबीर म्हणतोय मी, काच बदलायला दिली होती ना." दिली होती, हे खरं आहे.

मग काल सकाळी चहाच्या वेळी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "खिट्टी, मी ठीक आहे का?" मी तोंड उघडलं तर हात वर करून थांबवलं. "तू नको सांगूस. तू रोज बघतेस. रोज बघणाऱ्याला पीळ उलटा दिसत नाही. डॉक्टरला यंत्र माहीत नाही. बाकीच्यांना विमान वेळेवर सोडायचंय. आणि मी माझंच काम कसं तपासू?" मग वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली ती पक्कड त्यांनी टेबलावर ठेवली. ती इतके दिवस कुठे होती, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणाले, "त्याला पाठव. काय घडलं ते लिही, तुला काय वाटलं ते लिहू नकोस. पहिल्याचं मत दुसऱ्याच्या कानावर घालायचं नसतं, नाहीतर दुसरी सही कशाला?" म्हणून हे पत्र असं कोरडं लिहिलं आहे. तुला वाटलं असेल, धाकटी मोठ्या बंगल्यात राहून थंड झाली. पत्रात बसत नाहीत अशा कितीतरी गोष्टी आहेत, त्या तू इथून परत जायला निघशील तेव्हा सांगेन. आत्ता एवढंच, की सचिवांनी काल बाजारातून त्याच मापाची नवी पक्कड आणून फळ्यावर लावली. बाबांनी ती काढून त्यांच्या हातात दिली, म्हणाले, "ही इथली नाही." आकृती रिकामी आहे, आणि ती भरल्याशिवाय ते हो म्हणणार नाहीत आणि नाहीही म्हणणार नाहीत, मग महिना संपो की देश अडून बसो. सचिवांना वाटतं, हाही आजारच. तेव्हा दादा, ती पक्कड घेऊन ये. दोन दिवस त्यांच्यासमोर बस, बॅटरी मारून बघ. हा माणूस पुन्हा उडायला सोडण्यासारखा आहे, असं तुला दिसलं तर तसं सांग. नसेल, तर काही बोलू नकोस. पेन काढ आणि परत खिशात ठेव. त्यांना कळेल.

तुमच्या दोघांच्या मध्ये अजून बसलेली,
तुझीच
खिट्टी